केसाची खाच

सलिलच्या मेलमधलं खरं वाक्य मधेच होतं, मागेपुढे दोन मऊ वाक्यं ठेवलेली. माझ्या माशीच्या छातीवर, मागच्या बाजूला, केसांची एक जोडी नाही असं मी लेखात लिहिलं होतं. सलिलचं म्हणणं, ती नव्हतीच असं नाही. ती तुटली असावी. मी पाठवलेल्या तीन नमुन्यांपैकी दोनांवर त्याला केसांच्या खाचा दिसल्या होत्या. सोबत फोटो जोडले होते. दुपारचे साडेतीन वाजले होते, दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल नुकतंच संपलं होतं आणि टेबलांवर स्लाइड्स तशाच पडल्या होत्या. मी मेल बंद केला, उठले, सगळ्या स्लाइड्स क्रमानं पेटीत लावल्या, सूक्ष्मदर्शकांवर टोप्या घातल्या, बेसिनचा गळका नळ घट्ट केला. मग येऊन फोटो उघडले. नंतर वाटलं, त्या दहा मिनिटांत मला कळून चुकलं होतं, फक्त हातांना अजून काहीतरी करायचं होतं. फोटोत माशीची छाती राखाडी दिसत होती, पावसाळ्यानंतरच्या कातळासारखी, आणि तिच्यावर दोन बारीक वर्तुळं होती, कडा किंचित उचललेली, मध्ये काळोख. केस मुळातच नसेल तर खाच नसते. केस तुटला तर खाच राहते. हे सलिलला मीच शिकवलं होतं, याच खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर.

माशी दोन मिलिमीटरची आहे. बुरोंडीच्या खडकांवर, लाटेचे तुषार जिथपर्यंत पोचतात त्या ओल्या पट्ट्यात ती बसते. लाट आली की वीतभर वर उठते, लाट ओसरली की जवळजवळ त्याच जागी येऊन बसते. मी सर्वेशच्या वर्षश्राद्धाला गावी गेले होते तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं, कारण घरात बसवत नव्हतं आणि बाहेर समुद्राकडे बघवत नव्हतं. मग मधलं जे होतं ते बघितलं. गावात तिला नाव नाही. आई म्हणते चिलट, पण डोळ्यांपुढून बारीक काहीही गेलं तरी आई त्याला चिलटच म्हणते. या माशीची एक जात पूर्वी दूर दक्षिणेच्या किनाऱ्यावरून नोंदलेली आहे. माझी अगदी तशीच, फक्त केसांची ती जोडी नसलेली. नऊ नमुने, नऊंतही नाही. जात वेगळी ठरायला तेवढा फरक पुरतो. मी लेख लिहिला, नव्या जातीला नाव ठेवलं सर्वेशी, माझ्या भावाचं. तपासायला सलिलकडे पाठवायच्या आधीच आईनं आळीभर सांगून टाकलं की आमच्या सर्वेशच्या नावाचं चिलट पुस्तकात येतंय. बायका हसल्या तेव्हा ती म्हणाली, ‘हसा. तुमच्या कुनाच्या नावाचा डास तरी हाय काय?’

त्या दुपारी मी माझ्याकडचे उरलेले सहा नमुने काढले. प्रकाश तिरका करून एकेक फिरवून बघितला. चारांवर खाचा होत्या. दोनांवर चिकटवायचा डिंक चढला होता, तिथं काहीच सांगता येत नव्हतं. इतकी वर्षं मी त्यांच्याकडे वरून पडणाऱ्या प्रकाशात बघत होते, त्यात सावली पडत नाही, आणि सावली नाही तर खड्डा दिसत नाही. केस कशानं तुटले तेही मला लगेच समजलं. माश्या अल्कोहोलमध्ये ठेवून आणायच्या असतात. पहिल्या खेपेला तशाच आणत होते. दापोलीहून निघालेली एसटी भरणे नाक्याच्या पुढे आली आणि कुपीचं बूच ढिलं झालं, पिशवीतून वास सुटला. मागच्या बाकावरचे वळून वळून बघायला लागले. कंडक्टर तिकिटं फाडत आला, माझ्यापाशी थांबला, वास घेतला आणि मोठ्यानं म्हणाला, ‘म्याडम, घाट उतरेपर्यंत तरी दम धरायचा.’ सगळी गाडी हसली. मला सांगता आलं असतं की मी रत्नागिरीला कॉलेजात शिकवते, हे अमुक आहे, ते तमुक आहे. मी पिशवी मांडीवर घेऊन खिडकीकडे तोंड केलं. कान चिपळूणपर्यंत गरम होते. त्यानंतर मी माश्या कोरड्या आणायला लागले, काचेच्या नळीत, मऊ कागदाचा बोळा घालून. पाच तास हादरे. कागद अंगावर घासत राहतो, आणि सगळ्यात आधी मोडतो तो सगळ्यात उंच उभा असलेला केस. म्हणून नऊंचाही तोच मोडला. मी एका जातीचं नव्हे, एसटीच्या हादऱ्यांचं वर्णन लिहिलं होतं.

सलिलला फोन केला. तो आता बंगळूरला एका संग्रहालयात असतो, पण माझ्याशी बोलताना अजून उभा राहून बोलतो असं वाटतं. तो म्हणाला की माझीही चूक होत असेल मॅडम, तुम्ही एकदा तिरक्या प्रकाशात बघा. मी म्हटलं, बघितलं, चारांवर आहेत, ही जुनीच जात आहे. तो म्हणाला की एवढ्या उत्तरेला ही पहिलीच नोंद, छोटी टिपणी तरी नक्की होईल. तो एम.एस्सी.ला असताना मी त्याला तक्ता भरायला शिकवलं होतं. प्रत्येक लक्षणापुढे तीन खुणा चालतात: आहे, नाही, पाहिलं नाही. मुलं आळसानं तिसऱ्या जागी दुसरी खूण करतात. जिथं बघितलेलंच नाही तिथं ‘नाही’ लिहून मोकळी होतात. सलिलनं एकदा तसं केलं तेव्हा मी त्याचा आख्खा तक्ता फाडून टाकला होता. त्यानं मला त्या दिवसाची आठवण करून दिली नाही. तो सभ्य मुलगा आहे. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की बोलताना सगळा वेळ मी उजव्या हातानं डाव्या हाताची करंगळी धरून ठेवली होती, शेवटच्या पेरापाशी, इतकी घट्ट की टोक पांढरं पडलं होतं.

सर्वेश नऊ वर्षांचा होता, मी चौदाची. आई मासे घेऊन दापोलीच्या बाजाराला गेली होती. मी विळीवर बांगडे कापत होते आणि तो समोर बसून कापलेल्या शेपट्या पळवत होता. पातं चुकलं की हात, हे घरात कधी ठरवलं गेलं नाही. ठरवायची वेळ आली की आई उठून दुसरं काम काढायची. डाव्या करंगळीचं टोक गेलं, नखासकट. जखम भरली, टोक गोल झालं, कातडी गुळगुळीत झाली, आणि त्या गोल टोकावर तांदळाच्या कणीएवढं नख उगवत राहिलं. त्याला ते कुठंही अडकायचं, जाळ्यात, स्वेटरात, बायकोच्या केसांत. ते कापायचं काम माझं. लग्न झाल्यावरही मी रत्नागिरीहून आले की पडवीत येऊन बसायचा, हात पुढे करायचा आणि म्हणायचा, ‘ताय, कणी काप.’ नेलकटरच्या जबड्यात ती धड मावायची नाही. मी ब्लेडनं कापायचे. शेवटची कधी कापली ते आठवत नाही. शेवटची आहे हे माहीत नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी, नारळी पौर्णिमेनंतर आठव्या दिवशी त्यांची होडी उलटली. होडीवर चौघं होते. दोघांना दुसऱ्या होडीनं उचललं. सर्वेश आणि रघू सापडले नाहीत. रघूचं घर आमच्या घराला लागून, मध्ये फक्त एक शेवग्याचं झाड. दोघं एकाच वर्षाचे, एकाच बांध्याचे. पाठीमागून हाक मारताना आईसुद्धा चुकायची. पौर्णिमेला मंडळानं सगळ्या खलाशांना निळे टी-शर्ट वाटले होते, तेच दोघांच्या अंगात. पाचव्या दिवशी गुहागरच्या किनाऱ्याला एक देह लागला, आणि रत्नागिरीहून मी परस्पर तिकडे गेले. पाच दिवस पाण्यात राहिलेल्या देहाला चेहरा नसतो हे मला माहीत होतं, माझ्या विषयातलं होतं. म्हणून आईला येऊ दिलं नाही. भाविकाला, सर्वेशच्या बायकोला, येऊ दिलं नाही. दवाखान्यात मला ज्या खोलीकडे नेलं तिचं दार अर्धं उघडं होतं, आत पंखा होता, आणि वास येण्याआधी मला हात दिसला. चादरीच्या बाहेर आलेला डावा हात. करंगळी तोकडी. मी उंबऱ्यावरच म्हटलं, ‘हो. माझा भाऊ.’ डॉक्टरांनी विचारलं, ‘अजून काही बघायचंय का? वेळ घ्या.’ मी नको म्हटलं. हवालदारानं लिहिलं की मयताच्या बहिणीने मृतदेहाची ओळख पटवली. मी सही केली. सही नेहमीसारखीच आली, पूर्ण नाव, खाली पदवी. पदवी कशाला लिहिली ते मला आजही सांगता येणार नाही.

बाहेर बाकावर मालनवहिनी बसली होती, रघूची बायको. दाभोळहून फेरीबोटीनं एकटी आली होती. तिला कुणीतरी आधीच सांगितलं होतं की ओळख पटली, तुमचा नव्हे. मला बघून ती उठली. तिच्या तोंडावर जे आलं ते मी तेव्हा सुटका म्हणून वाचलं. मी तिला मिठी मारली नाही; माझ्या अंगाला वास येत असेल असं वाटलं. देह आम्ही बुरोंडीला आणला, त्याच दिवशी अग्नी दिला, तिसऱ्या दिवशी राख खाडीत सोडली.

खेकडे आणि लहान मासे टोकांपासून सुरुवात करतात. बोटं, ओठ, कानाच्या पाळ्या. हे मी दर वर्षी शिकवते, समुद्री अन्नसाखळीच्या तासाला. मुलींना शिसारी येते, मुलगे खूश होतात. अकरा वर्षं मी ते शिकवत आले आणि त्या वाक्याला कधीही तो हात आठवला नाही. सलिलच्या मेलनंतर पहिल्या रात्री झोप लागली, ती लागली याचंच सकाळी नवल वाटलं. मग सुरू झालं. बाकीची चार बोटं पुरती होती का? उजवा हात कुठे होता? करंगळीचं टोक गोल होतं की फाटलेलं? कातडी वळून आत गेलेली होती, की कड होती? आणि कणी? मी डोळे मिटते आणि हात येतो, चादरीची निळी किनार येते, पंख्यानं हलणारं चादरीचं टोक येतं, करंगळी येते आणि तिच्यावर कणी असते, स्वच्छ, पांढरी, थोडी वाढलेली. पण ती मेल यायच्या आधी नव्हती. मेल आल्यावर ती उगवली. मी इतकी वर्षं चित्रं काढली आहेत, सूक्ष्मदर्शकात एक डोळा आणि कागदावर एक डोळा, आणि मला माहीत आहे की हात कधी न दिसणारी रेघ ओढतो. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम कणी नसलेला हात आठवायचा प्रयत्न केला. तोही आला. तोही तितकाच स्वच्छ होता.

त्या आठवड्यात मी रत्नागिरीभर लोकांचे हात बघत फिरले. मारुती मंदिराच्या चौकात फुलवाल्याचे, बँकेत कॅशिअरचे, वर्गात शंभर मुलांचे. सगळ्यांना दहा-दहा बोटं. नव्या जातीचा पहिला नमुना जपून ठेवतात तो कशासाठी हे मी प्रत्येक वर्गाला सांगते: कारण लिहिणारा चुकू शकतो. वर्णन चुकलं तरी नमुना असतो. पन्नास वर्षांनी कुणीतरी येतं, तिरका प्रकाश टाकतं आणि म्हणतं, इथं खाच आहे. माझ्या नऊ माश्या शाबूत आहेत, टाचणीवर, कापराच्या डब्यात. त्यांच्याबद्दलची चूक एका मेलनं दुरुस्त झाली. दुसऱ्या बाजूला फक्त माझी सही शिल्लक आहे. आणि त्या सहीवर काय काय उभं राहिलं. भाविकानं कुंकू पुसलं. तिसऱ्या वर्षी मीच पुढे होऊन तिचं दुसरं लग्न लावून दिलं, आता ती अलिबागकडे असते. आई रडली, जेवली, पुन्हा बाजाराला जायला लागली, कारण तिनं मुलाची चिता बघितली होती. आणि शेवग्यापलीकडे मालनवहिनीला काहीच करता आलं नाही. देह नाही म्हणून दहावा नाही, तेरावा नाही, म्हाळ नाही. सात वर्षांनी सरकारनं रघूला मृत मानलं, तसा कागद दिला. तिनं तो तांदळाच्या डब्यात ठेवला आणि गळ्यातलं मंगळसूत्र तसंच ठेवलं. सर्वेश जिवंत असेल असं मला एकदाही वाटलं नाही. दोघंही गेले, हे मला माहीत आहे. फक्त कुणाला जाळलं आणि कुणाला पाण्यात एकटं ठेवलं, हे मी उंबऱ्यावरून ठरवलं होतं.

पितृपक्षातल्या अष्टमीला आमच्याकडे सर्वेशचा म्हाळ असतो. आदल्या दिवशी मी सकाळच्या गाडीनं निघाले. परशुराम घाटात गाडी थांबली होती, पुढे काम चालू होतं. शेजारची बाई सारखी माझ्याकडे बघत होती, कारण मी रिकामे हात मांडीवर उताणे ठेवून बसले होते. या खेपेला नळ्या घेतल्या नव्हत्या. बुरोंडीला उतरले तेव्हा तीन वाजले होते. दोन दिवस कडक ऊन पडलं होतं म्हणून किनाऱ्याच्या मांडवावर मालनवहिनी वाकट्या, पट्टीसारखे लांब मासे, वाळत घालत होती. मी घरी न जाता तशीच तिकडे वळले. ती म्हणाली, ‘कवा आलीस गो? घरी न जाता हिकडं?’ मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्याबरोबर वाकट्या सरळ करायला लागले. तिनं विचारलं की माझं चिलट छापून आलं का, काकी, म्हणजे माझी आई, रोज सांगते. मी सांगितलं की नाही येणार, माझं चुकलं. केस तुटला होता आणि मी लिहिलं की केस नाहीच.

‘चिलटाचा केस,’ ती हसली. ‘आनि तो मोजायला सरकार पगार देतंय.’

मीही हसले. मग म्हटलं, ‘वहिनी, तेव्हा गुहागरला...’ आणि पुढचं वाक्य नव्हतं. गाडीत पाच तास मी ते वाक्य जुळवत होते. तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, मांडवाच्या बांबूकडे बघितलं, आणि नवऱ्याचं नाव न घेता, जसं तिनं ते कधीच घेतलं नाही, ती म्हणाली, ‘मी एक इचारू? ह्यांच्या पाठीवर डाग व्हता. उजव्या खांद्याखाली. होडीच्या इंजिनाला टेकले व्हते तवाचा, रुपयाएवढा. गुहागरला त्याच्या पाठीवर व्हता काय?’

तिन्ही खुणा माझ्यासमोर होत्या. तिला ‘हो’ हवं होतं, हे तिच्या मानेवरून दिसत होतं. मला ‘नाही’ हवं होतं. दोन्ही शब्द मला येत होते, आणि कुठलाही दिला असता तरी तिनं घेतला असता, कारण गावात मीच शिकलेली. मी म्हटलं, ‘मी पाठ बघितली नाही, वहिनी. कुणी पालथं केलंच नाही. मी आतही गेले नाही. दारातून हात बघितला. बोट तोकडं होतं, एवढंच.’

‘बगितली नाय.’

‘नाही.’

समुद्राची ओहोटी होती. खाली खडकांवर माझ्या माश्या बसल्या असतील, उठत असतील, परत बसत असतील. ती बराच वेळ एकच वाकटी सरळ करत राहिली. मग म्हणाली, ‘मना आत जायाचं व्हतं. पोलीस बोलला, बहीण शिकलेली हाय, तिनं सांगितलंन, आता तू कशाला. मी बोलले, मना नुसती पाठ बगू द्या. तवर तू भायेर आलीस.’ तिचा आवाज चढला नाही. ‘बगायचं व्हतंस गो.’

मी हो म्हटलं. तिला काय वाटतं ते विचारायचा मला अधिकार नव्हता, पण तिनं ते आपणहून सांगितलं, वाकट्यांकडे बघत, की तो देह ह्यांचा असंल तर बरं, आग तरी लागली. मग जणू दुसऱ्याच कुणाशी बोलत असल्यासारखी म्हणाली, ‘उद्या तुमचा म्हाळ ना? एक पान जास्त वाढ. नाव नको घेऊ. मी कदी तोंडात नाय घेतलं, तू पन नको घेऊ.’ मी पिशवी उचलली तेव्हा तिनं आईसाठी दोन वाकट्या कागदात गुंडाळून दिल्या, दर वेळी देते तशा.

त्या संध्याकाळी मी आईला सांगितलं नाही. आई डाळ भिजत घालत होती, वाटाणे निवडत होती, आणि सर्वेशला काय आवडायचं ते दर वर्षीप्रमाणे मला सांगत होती, जणू मी पाहुणी आहे. तिचे गुडघे आता इतके गेले आहेत की ती बसल्या जागेवरून सगळं करते आणि उठायचं काम माझ्याकडे असतं. चिलटाचं तिनं विचारलं. मी म्हटलं, वेळ लागेल. ती म्हणाली, लागू दे, त्याला कुठं घाई हाय.

सकाळी परसातल्या केळीची मी दोन पानं कापली. आईनं एक वाढलं: भात, वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, भोपळ्याची भाजी, खीर. ती पाण्याचं भांडं घ्यायला चुलीकडे वळली तेवढ्यात मी दुसरं वाढलं, तिचं बघून, जागच्या जागी तेच. दोन्ही पानं दोन हातांवर घेऊन परसाच्या मागे कातळावर नेली आणि शेजारी शेजारी ठेवली. वारा होता, म्हणून पानांच्या कडांवर खडे ठेवायला वाकले. आई मागच्या दाराची चौकट धरून हळूहळू आली. तिनं पानं बघितली.

‘ह्ये दुसरं कुनाचं?’

मी सांगितलं. हाताचं सांगितलं. दारातूनच बघितलं ते सांगितलं. मालनवहिनीनं विचारलेलं पाठीचं सांगितलं, आणि कणी आठवत नाही तेही. कमीत कमी शब्द लागले. अकरा वर्षांचं सगळं चार-पाच वाक्यांत बसलं. आईच्या हातात पाण्याचं भांडं होतं, ते तिनं सांडू दिलं नाही. शेवग्यापलीकडे मालनवहिनी तिच्या अंगणात उभी होती, पाठमोरी, हातात काहीच नसलेली. आईनं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा कातळावर. भात सारखा, वडे सारखे, खिरीचा ओघळसुद्धा दोन्ही पानांवर एकाच बाजूला गेलेला. पाणी सोडायला तिनं भांडं तिरकं केलं आणि तसंच धरून ठेवलं.

‘मग ह्यातलं सर्वेशचं कंचं गो?’

मी पानांकडे बघितलं. आणताना कुठलं उजव्या हातावर होतं आणि कुठलं डाव्या, ते मी बघून ठेवलं नव्हतं.